रिकाम्या स्टँडने आपलं नक्की काय नेलं? (मॅच बघणारे आणि मॅचला जाणारे, दोघांसाठी धागा)

ऑफसाइडवाला (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज टाकतोच.

परवा कपाट आवरताना मार्च २०२० च्या एका फुटबॉल मॅचचं तिकीट सापडलं. कोरं, न वापरलेलं. मॅच शनिवारची होती आणि आदल्या दिवशी म्हणजे शुक्रवारी १३ मार्चला सगळं थांबलं, त्याच्या आदल्या रात्री लंडनच्या आर्सेनल क्लबचा कोच आर्तेता कोविड पॉझिटिव्ह आला होता ते आठवत असेल. तेव्हा वाटलं दोन-तीन आठवड्यांची गोष्ट आहे, म्हणून तिकीट जपून ठेवलं. त्यानंतर मी माझ्या जागेवर बसलो तो जवळजवळ दीड वर्षाने.

आता गंमत सांगतो. त्या दीड वर्षात फुटबॉल मला फारसं कमी पडलंच नाही. उलट जास्तच मिळालं, इंग्लंडची प्रीमियर लीग १७ जूनला परत सुरू झाली आणि मग दुपारी, संध्याकाळी, रात्री, सोमवारी, बुधवारी, कधीही टीव्ही लावा मॅच चालूच. पण मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं ते माझ्या रांगेतल्या माणसांमुळे. डावीकडे एक आजोबा आणि त्यांची नात बसायचे, समोर दोन भाऊ जे नव्वद मिनिटं एकमेकांशी भांडायचे, आणि उजवीकडे एक जण ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणायचे कारण तो दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की लाइन्समन वळून बघायचा. अकरा वर्षं शेजारी बसतोय आणि त्याचं खरं नाव मला माहीत नाही. गोल झाला की ज्याच्या गळ्यात पडतो त्या माणसाचा फोन नंबर आपल्याकडे नसतो. का असावा? पुढच्या शनिवारी तो तिथे असणारच असतो ना!

आणि मग पुढचा शनिवार आलाच नाही.

स्टँड परत उघडले तेव्हा आमच्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर नवीन लोक होते. शिट्टीच्या जागेवर एक पोरगा, अख्खी मॅच फोनमधून शूट करणारा. मी कुणाला विचारणार शिट्टीचं काय झालं म्हणून, काय नाव सांगणार?

तर प्रश्न असा की तुमचं काय झालं? परत गेलात का, गेलात तर पूर्वीसारखं वाटतं का, आणि नसाल गेलात तर का नाही. मला असं वाटायला लागलंय की मॅच आणि मॅचला जाणं ह्या दोन गोष्टींचा सांधा तेव्हा निखळला आणि अजून नीट बसलेला नाही. चूक असेल तर सांगा.

कट्ट्यावरचा पंच

पहिला! वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पिवळी भिंत

धागा आवडला. मी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबवाला, हे आयडीवरून कळलंच असेल.

१६ मे २०२०. मोठ्या लीगांमध्ये सगळ्यात आधी जर्मनीने सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी डॉर्टमुंड विरुद्ध आमचा कट्टर वैरी शाल्क. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथला दक्षिण स्टँड म्हणजे जवळपास २५ हजार माणसं उभी, खांद्याला खांदा, सगळं पिवळं, म्हणून त्याला पिवळी भिंत म्हणतात. आणि त्या दिवशी तिथे नुसतं काँक्रीट आणि रेलिंग. आमच्या हालांडने पहिला गोल मारला, खेळाडू एकमेकांपासून लांब उभे राहून नाचले. ४-० जिंकलो. शाल्कविरुद्ध ४-०! एरवी मी आठवडाभर जमिनीवर नसतो.

पण खरा घाव नंतर बसला. मॅच संपल्यावर सगळे खेळाडू नेहमीसारखे दक्षिण स्टँडसमोर गेले, हात वर केले आणि रिकाम्या पायऱ्यांना मानवंदना दिली. मी घरी स्क्रीनसमोर उभा होतो आणि मला कळेना की ते मला करतायत की माझ्या नसण्याला. हसू नका, खरंच रडलो.

माझा अनुभव धागाकर्त्याच्या उलटा आहे. मी परत गेलो ते दुप्पट जोराने. पूर्वी पाऊस आहे, अंग दुखतंय म्हणून वर्षातून चार मॅच बुडवायचो. आता नाही. जे एकदा काढून घेतलं गेलं ते परत घेतलं जाऊ शकतं हे डोक्यात बसलंय, त्यामुळे ताप असेल तरच घरी, आणि ताप असेल तर नक्की घरी, हेही तेव्हाच शिकलो :)

ऑफसाइडवाला

@पिवळी भिंत, ते रिकाम्या स्टँडला हात करणं मी पण बघितलं होतं. अंगावर काटा आला होता. आणि डॉर्टमुंडचा फॅन नसूनही वाईट वाटलं.

सोफासम्राट

सगळे हळवे झालायत तर मी जरा खडा टाकतो.

मी पंधरा वर्षं सीझन तिकीटवाला. २०२० नंतर काढलं नाही आणि अजिबात पश्चात्ताप नाही. हिशोब करा. मॅच दोन तासांची. घरातून निघणं, ट्रेन, गर्दी, आत जायची रांग, परत येताना तीच ट्रेन दुप्पट गर्दीने, असे मिळून सात तास. वर्षाला वीस-बावीस होम मॅच. म्हणजे मी आयुष्यातले दीडशे तास दरवर्षी एका क्लबला देत होतो ज्याच्या मालकाला मी जगतोय की मेलोय ह्याचं सोयरसुतक नाही. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा शनिवार मोकळा मिळाला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तिला माझ्याबरोबर शनिवारी दुपार म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ते एकदा कळल्यावर परत कसा जाणार?

सवय होती ती सुटली, एवढंच. सिगरेट सुटल्यावर लोक अभिनंदन करतात, इथे मात्र सुतक.

आणि टीव्हीवर रिप्ले दिसतो, व्हीएआरमध्ये (व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासतात ते) काय चाललंय ते कळतं. स्टेडियममध्ये गोल झाल्यावर तीन मिनिटं माठासारखं उभं राहायचं, आनंद करावा की नको ह्या विवंचनेत.

उभा प्रेक्षक

@सोफासम्राट व्हीएआरच्या मुद्द्याला +१. बाकीच्याला नाही. सिगरेटने कुणी गळ्यात पडत नाही.

सोफासम्राट

घाम फुटलेल्या अनोळखी माणसाने गळ्यात पडणं हा फायदा की तोटा ह्यावर वेगळा धागा काढा :D

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून थोडं गणित.

प्रेक्षक नसल्याने खेळ बदलला का? बदलला. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ सीझनमध्ये ३८० मॅचपैकी होम टीमने १४४ जिंकल्या आणि पाहुण्या टीमने १५३. इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनच्या इतिहासात पाहुण्यांनी जास्त जिंकण्याची ही पहिलीच वेळ. वर पिवळी भिंत ह्यांनी ज्या वीकेंडचा उल्लेख केलाय ना, त्या राउंडच्या नऊ मॅचमध्ये घरच्या मैदानावर जिंकणारी टीम एकच होती, ती म्हणजे डॉर्टमुंड. बाकी कुणालाही घरचा फायदा मिळाला नाही.

रेफ्रीचा मुद्दा तर फारच भारी आहे. ह्या काळावर बरेच अभ्यास झाले आणि जवळपास सगळ्यांत एक गोष्ट आली की रिकाम्या स्टेडियममध्ये पाहुण्या टीमला मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. म्हणजे आपण जे बोंबलतो त्याचा रेफ्रीवर परिणाम होतो हे इतकी वर्षं नुसतं वाटायचं, ते आता मोजून झालं. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं असतं तर कुणी परवानगी दिली नसती.

आणि लिव्हरपूल! आपल्या अॅनफिल्ड मैदानावर लीगच्या ६८ मॅच न हरलेली टीम. २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीने हरवलं आणि मग ओळीने सहा होम मॅच हरले. बर्नली, ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. एव्हर्टन तिथे १९९९ नंतर पहिल्यांदा जिंकलं.

गोलपोस्टमागे

आकडेमोडराव, आमचा बचावपटू व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून जखमी होता ते कुठे मोजलंत? कॉपवर (अॅनफिल्डच्या गोलमागच्या स्टँडवर) माणसं असती तर ती काय हेडर मारणार होती?

आकडेमोड

मान्य, सगळं श्रेय रिकाम्या खुर्च्यांना देता येत नाही. पण सहाच्या सहा? घरी? मॅच शेवटच्या वीस मिनिटांत अडकलेली असताना ती कॉप काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको.

गोलपोस्टमागे

नको. मला माहितीये ती काय करते, म्हणून तर जास्त त्रास होतो. आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी तीस वर्षं लीग जिंकायची वाट बघितली, तीस. माझा मोठा भाऊ शेवटच्या वेळी शाळेत होता आणि आता त्याची पोरं शाळेत आहेत. आणि मिळाली कधी, तर २५ जून २०२० ला, आपली मॅच चालू नसताना, चेल्सीने सिटीला हरवल्यामुळे, सगळे आपापल्या घरात बसलेले असताना. नंतर २२ जुलैला कॉपवरच छोटा मंच बांधून कप उचलला, कॅप्टन हेंडरसनने तो नेहमीचा पायांचा नाच केला, फटाके उडाले, कागदाचे तुकडे उडाले, आणि ते तुकडे कुठे पडले तर रिकाम्या खुर्च्यांवर. लोकांना सांगितलेलं की येऊ नका, तरी बाहेर आले. आले म्हणून टीव्हीवर झोडपलं त्यांना. गर्दी केली ही चूकच, मी समर्थन करत नाही, पण तीस वर्षांचं काय करायचं माणसाने, घरात उशीत तोंड खुपसून ओरडायचं? मी तेच केलं.

लीड्सवाल्यांचं तर अजून वाईट. सोळा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये वर आले आणि तो अख्खा सीझन रिकाम्या मैदानात, शेवटच्या एका मॅचला काही हजारांना सोडलं.

तळाचा डिव्हिजन

तुम्ही सगळे मोठ्या क्लबांचं बोलताय. खालीही जरा बघा.

मोठ्या क्लबचं पोट टीव्हीच्या पैशावर भरतं, स्टेडियम रिकामं राहिलं तरी लीग चालली. लहान क्लबचं दुकानच मुळी गेटवर चालतं. शनिवारी जे चार-पाचशे लोक येतात, तिकीट काढतात, हाफटाइमला काहीतरी खातात-पितात, त्यातून खेळाडूंचे पगार, गवत कापायचा खर्च, दिव्यांचं बिल. प्रेक्षक नाहीत म्हणजे आवाज नाही ही त्यांची अडचण नव्हती, प्रेक्षक नाहीत म्हणजे पैसेच नाहीत.

पण त्यातच एक मजेदार गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत व्यावसायिक क्लबांचे दरवाजे बंद होते पण खालच्या, हौशी पातळीवरच्या लीगमध्ये ठराविक संख्येने लोकांना सोडत होते. मग ज्यांना मोठ्या स्टेडियमची सवय ते आपल्या घराजवळच्या पिटुकल्या मैदानावर जायला लागले. रेलिंगला टेकून उभं राहायचं, गोलकीपरला काय म्हणालात ते त्याला ऐकू जातं आणि तो उलट उत्तरही देतो. त्यातले काही जण तिथेच राहिले. मी त्यातलाच एक. सोफासम्राट, तुमचे सात तास मी तीनवर आणलेत बघा.

आणि मरीन विसरू नका! जानेवारी २०२१, एफए कप (इंग्लंडच्या लहानमोठ्या क्लबांची बाद स्पर्धा), आठव्या पातळीवरचा मरीन क्लब आणि समोर प्रीमियर लीगचा, कोच मोरिन्योचा टॉटनहॅम. मैदानाच्या एका बाजूला लोकांच्या घरांची परसदारं. आत प्रेक्षकांना बंदी, पण स्वतःच्या परसात उभं राहायला कोण बंदी करणार, लोक कुंपणावरून बघतायत आणि टॉटनहॅमचा स्टार बेल कॉर्नर मारतोय... नाही, थांबा, बेल नंतर उतरला का ते आठवत नाही, जाऊ दे. ०-५ हरले. पण मरीनने त्या मॅचची खोटी तिकिटं काढली, म्हणजे घेतलं तरी आत जाता येणार नाही अशी, १० पौंडाला एक, आणि ती ३० हजारांच्या वर खपली! मैदानात एरवी मावतील त्याच्या कितीतरी पट. जिथे जाता येणार नाही तिथलं तिकीट लोकांनी घेतलं. ह्याच्यावर मी अजून विचार करतो.

मधली फळी

@तळाचा डिव्हिजन, दंडवत. मरीनची गोष्ट माहीत होती पण न जाण्याचं तिकीट असा विचार कधी केला नव्हता.

जर्मनीच्या ग्लाडबाख क्लबचे पुठ्ठ्याचे फॅन पण त्यातलेच ना? १९ युरो द्या, फोटो पाठवा, तुमचा पुठ्ठा खुर्चीवर. हजारो लोकांनी बसवले. सुरुवातीला हसले मी, मग टीव्हीवर नीट बघितलं तर सगळे पुठ्ठे हसतायत. कुणीही मॅच बघताना असं हसत नसतं! खऱ्या स्टँडमध्ये शंभरातले नव्वद चेहरे दात दुखल्यासारखे असतात.

आणि तो नकली आवाज. व्हिडिओ गेममधल्या गर्दीचे आवाज उचलून टीव्हीवर लावायचे. एक माणूस कुठेतरी बटणं घेऊन बसलाय आणि शॉट हुकला की 'ऊऊऊ' दाबतोय. नेहमी अर्धा सेकंद उशिरा. खरी गर्दी शॉटच्या आधीच श्वास रोखते, ते बटण त्याच्याकडे कुठून असणार? मी आवाज बंदचा पर्याय लावायचे, मग कोच आणि गोलकीपर काय ओरडतायत ते ऐकू यायचं. त्यातून एक कळलं की सगळ्या जगातले गोलकीपर एकच वाक्य ओरडतात, 'बाहेर या, बाहेर या'.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी आधी कधी स्टेडियमला जातच नव्हते. बाबा आणि भाऊ जायचे. मला कुणी येतेस का विचारलं नाही आणि मीही हट्ट केला नाही. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा आम्ही तिघं एकाच सोफ्यावर बसून एकच मॅच बघायला लागलो, आणि त्यांना कळलं की मला ऑफसाइड त्यांच्यापेक्षा बरा कळतो. मग दारं उघडली तेव्हा मी म्हटलं मी पण येणार. म्हणजे ज्या गोष्टीने काहींना बाहेर काढलं तिनेच मला आत आणलं. आता बाबा येत नाहीत, गुडघे. मी आणि भाऊ जातो.

बायकांच्या मॅचचंही बघा ना. ३० मार्च २०२२, बार्सिलोनाचं मैदान कँप नोऊ, बार्सिलोना विरुद्ध रिअल माद्रिद, ९१,५५३ लोक. पुढच्याच महिन्यात व्हॉल्फ्सबुर्गविरुद्ध ९१,६४८. आणि त्याच वर्षी जुलैत लंडनच्या वेंब्लीला बायकांच्या युरो स्पर्धेची फायनल, ८७,१९२. हे लोक कुठून आले? सगळे जुने सीझन तिकीटवाले नव्हते एवढं नक्की.

पिवळी भिंत

@मधली फळी, तो 'ऊऊऊ' अर्धा सेकंद उशिरा हे इतकं अचूक आहे की पुढच्या वेळी चोरणार.

एक जुना सभासद

थोडं गंभीर लिहितो, धागा हलकाफुलका चाललाय त्याबद्दल क्षमा.

१९ फेब्रुवारी २०२०. इटलीतला बेर्गामोचा क्लब अतालांता विरुद्ध स्पेनचा व्हॅलेन्सिया. त्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रात्र, पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत. त्यांचं स्वतःचं मैदान त्या स्पर्धेच्या नियमात बसत नव्हतं म्हणून मॅच मिलानला सान सिरोत. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं शहर आणि स्टेडियममध्ये ४४ हजारांच्या वर प्रेक्षक, त्यातले बहुतेक बेर्गामो आणि आजूबाजूचे, बसने, ट्रेनने, गाड्यांनी गेलेले. ४-१ जिंकले. चार वेळा त्या सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या भागातला, म्हणजे लोंबार्दीतला, कोविडचा पहिला स्थानिक रुग्ण दुसऱ्याच दिवशी निघाला आणि पुढच्या महिन्यात बेर्गामोत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, लष्कराचे ट्रक रात्री शवपेट्या घेऊन चाललेले. नंतर त्या मॅचला तिथल्या डॉक्टरांनी जैविक बॉम्ब म्हटलं. एका मॅचने सगळं झालं असं नाही, रोग आधीपासून फिरतच होता. पण ज्या गोष्टीसाठी आपण स्टेडियमला जातो, ती गर्दी, तो अनोळखी माणसाचा गळा, तीच त्या रात्री वैरी झाली.

११ मार्चला अॅनफिल्डवर माद्रिदचं अॅटलेटिको आलं तेव्हा तर माद्रिदच्या शाळा बंद झालेल्या, स्पेनमधल्या मॅच प्रेक्षकांविना ठरलेल्या, आणि तरी तिथून तीनेक हजार फॅन विमानाने आले आणि आत बसले. अडवलं कुणीच नाही.

मी आजही गोल झाला की एक क्षण थबकतो. अर्धाच क्षण. मग पडतो गळ्यात. पण तो अर्धा क्षण २०२० च्या आधी नव्हता.

ऑफसाइडवाला

@एक जुना सभासद, क्षमा कसली. खरंतर हे माझ्या लेखात यायला हवं होतं. तो अर्धा क्षण मलाही जाणवतो, मी त्याला वयाच्या खात्यात टाकत होतो.

उभा प्रेक्षक

वरच्या प्रतिसादानंतर लिहायला जड जातंय पण हे त्याच्याशी जोडूनच आहे.

१२ जून २०२१, कोपनहेगन, डेन्मार्क-फिनलंड. पुरुषांची युरो स्पर्धा एक वर्ष उशिरा सुरू झालेली, स्टेडियमला मर्यादित लोकांची परवानगी, पंधरा हजारांच्या आसपास. पहिला हाफ संपत आला आणि डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कोसळला, कुणी धक्का दिला नाही काही नाही, उभा होता तो पडला. खेळाडूंनी त्याच्याभोवती पाठ करून कडं केलं. स्टेडियम एकदम चिडीचूप. मग थोड्या वेळाने फिनलंडच्या बाजूने आवाज आला 'क्रिस्टियन', आणि डेन्मार्कच्या बाजूने उत्तर गेलं 'एरिक्सन'. परत 'क्रिस्टियन', परत 'एरिक्सन'. दोन्ही बाजूंनी, नाव अर्धं अर्धं वाटून घेऊन.

हेच सहा महिने आधी झालं असतं तर? रिकाम्या मैदानात? तिथे बटणवाल्या माणसाने काय दाबलं असतं?

सोफासम्राट, हा टोमणा नाही. तुमची मुलगीवाली गोष्ट मला पटलीय. पण तुम्ही सवय म्हणताय ते सगळं सवय नाही हो.

सोफासम्राट

ह्याच्यावर उलट बोलणार नाही. त्या रात्री मी पण टीव्हीसमोर उभा होतो.

गोलपोस्टमागे

मालक लोकांचा विषय कुणीच काढला नाही म्हणून काढतो. एप्रिल २०२१, स्टेडियम रिकामी आणि बरोब्बर तेव्हाच १२ मोठ्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. त्यांना वाटलं असणार, स्टँडमध्ये कोणी नाहीच, ओरडणार कोण? रविवारी रात्री जाहीर, मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर. मधल्या वेळात चेल्सीच्या फॅन्सनी रस्ता अडवला, बस अडकली, त्यांचा माजी गोलकीपर पेतर चेक स्वतः खाली उतरून हात जोडल्यासारखं सांगतोय की जरा वेळ द्या. आणि दोन आठवड्यांनी ओल्ड ट्रॅफर्डला मँचेस्टर युनायटेडचे फॅन मैदानात घुसले आणि आमच्याविरुद्धची मॅचच त्या दिवशी झाली नाही (नंतर झाली, आम्ही ४-२ जिंकलो, नोंद असावी).

ह्याच्या आधीही ऑक्टोबर २०२० मध्ये टीव्हीवर एक मॅच बघायचे वेगळे १४.९५ पौंड लावले होते. लोकांनी ते पैसे गोळा करून गरजूंच्या अन्नवाटपाला दिले, मॅच बघितली नाही. महिन्याभरात योजना गुंडाळली. म्हणजे जाता येत नव्हतं तेव्हाच आपण गिऱ्हाईक नाही हे लोकांनी सगळ्यात जोरात सांगितलं. आता आत आहोत तर तिकीट वाढलं तरी गप्प.

कट्ट्यावरचा पंच

आता सगळं फोनवर झालंय ना तिकीट, तेही एक. पूर्वी सीझन कार्ड मित्राला द्यायचं, जा म्हणायचं. आता फोन द्यावा लागतो. मॅच गेली तेल लावत, फोन कोण देतं?

तळाचा डिव्हिजन

आमच्याकडे अजून कागदाचं मिळतं. या.

पिवळी भिंत

लोक परत आलेत की नाही ह्यावर एकच उदाहरण देतो. १४ एप्रिल २०२२, बार्सिलोना-फ्रांकफुर्ट. पाहुण्यांचा कोटा ५ हजारांचा आणि आत निघाले ३० हजारांच्या आसपास. कँप नोऊ पाहुण्यांच्या शर्टांनी पांढरं झालं, घरच्या टीमलाच परक्या मैदानात खेळल्यासारखं. २-३ हरले. दोन वर्षं कोंडून ठेवल्यावर असंच होणार.

आकडेमोड

कोंडल्याचा दुसरा परिणामही लिहा की. २०२१ ची युरो फायनल, वेंब्लीत विनातिकीट सुमारे २ हजार लोक घुसले, अपंगांसाठीच्या दारातून पण. नशीब म्हणून कुणी मेलं नाही.

पिवळी भिंत

ते आहेच. मान्य.

मधली फळी

@ऑफसाइडवाला, सगळं झालं पण शिट्टीचं काय? कळलं का कधी? मी त्याच्यासाठी धागा वर आणतेय.

ऑफसाइडवाला

सांगतो, लिहायचं टाळत होतो कारण माझीच फजिती आहे.

मी दोन वर्षं मनातल्या मनात त्याचं सुतक पाळलं. एकदा तर गोल झाल्यावर उजवीकडे वळलो आणि त्या फोनवाल्या पोराला बघून डोळे भरून आले, पोरगा घाबरला. मग गेल्या सीझनला शेवटून दुसऱ्या मॅचला, पेनल्टी मिळाली, सगळं स्टेडियम गप्प, आणि वरून कुठूनतरी तीच शिट्टी. तीच! लाइन्समननेही वर बघितलं. हाफटाइमला जिने चढून गेलो, तीन ब्लॉक पालथे घातले, तर साहेब मस्त पाय पसरून बसलेत. मी धापा टाकत विचारलं, अरे इतकी वर्षं कुठे होतास? म्हणे इथेच, दारं उघडली तेव्हा वरच्या मजल्यावर जागा रिकाम्या होत्या, बदलून घेतली, पाय लांब करता येतात, आणि खाली तुम्ही फार ओरडता.

नाव पण विचारलं ह्या वेळी. सांगितलं त्याने. तेवढ्यात सेकंड हाफ सुरू झाला आणि खाली पोचेपर्यंत विसरलो.

उभा प्रेक्षक

=)) =))

सोफासम्राट

वरच्या मजल्यावर पाय लांब करता येतात? किती जागा रिकाम्या आहेत म्हणालात? मुलगी विचारतेय.